कातळवाडीचं पाणी

ही गोष्ट फार जुन्या काळची. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. डोंगरांच्या कुशीत एक लांबट खोरं होतं. वरच्या टोकाला मोठं तळं, खालच्या टोकाला उघडा काळा कातळ, आणि मधल्या उतारावर गावं वसलेली. त्या खोऱ्याचा राजा म्हातारा झाला होता आणि त्याला मूलबाळ नव्हतं.

राजा शहाणा होता. एके दिवशी त्याने सगळी प्रजा माळावर बोलावली आणि सांगितलं, “माझ्यामागे या गादीवर कुणी बसायचं नाही. ज्यांना कारभार करायचा असेल, त्यांनी या चौथऱ्यावर उभं राहावं. आपण काय मानतो, आणि कारभार हाती आला तर सगळ्यांत आधी काय करू, ते लोकांना मोकळेपणी सांगावं. ज्याचं पटेल त्याच्यामागे लोकांनी जाऊन उभं राहावं. ज्याच्यामागे जास्त माणसं, त्याचा कारभार. काही पावसाळे गेले की पुन्हा सगळ्यांना माळावर बोलवावं आणि पुन्हा विचारावं.”

एवढं सांगून राजा देवाच्या वाटेला लागला. लोकांनी त्याला खांदा दिला, सुतक पाळलं, आणि मग जो तो विचारात पडला.

बघता बघता खोऱ्यात गट उभे राहिले. गडावरच्या सरदारांचा एक गट झाला. पेठेतल्या व्यापाऱ्यांचा दुसरा झाला. तिसरा गट होता साध्या माणसांचा. कोष्टी, माळी, धनगर, कुंभार अशी ही माणसं संध्याकाळी पिंपळाच्या पारावर जमत. म्हणून लोक त्यांना पारावरचा गट म्हणू लागले.

या गटात तुळाजी नावाचा एक कोष्टी होता. माग चालवता चालवता विचार करायची त्याला सवय होती. तो कमी बोलायचा, पण बोलला की ऐकणाऱ्याला वाटायचं, हे तर माझ्याच मनात होतं. त्याचा लहानपणापासूनचा जिवलग होता हैबती. हैबती वेलवाडीचा. वेलवाडी तळ्याच्या जवळचं गाव, तिथे पानांचे मळे. हैबती दिलदार, हसरा, दहा माणसं गोळा करून आणणारा. आणि या दोघांना कान धरून गप्प बसवू शकेल अशी एकच व्यक्ती गटात होती, ती म्हणजे मंजुळाक्का. अक्का सुईण होती. खोऱ्यातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली.

चौथऱ्यावर जाऊन काय सांगायचं, यावर पारावर पुष्कळ दिवस वाद चालला.

हैबती म्हणाला, “यात एवढं डोकं काय शिणवायचं? सगळं देऊ म्हणून सांगू. गाडीवाट देऊ, देवळाला कळस देऊ, शेताला पाणी देऊ, पोरींच्या लग्नाला मांडव देऊ. लोक खूष.”

“आणि आधी काय देऊ?” अक्काने विचारलं.

“सगळंच आधी!”

अक्का हसली नाही. म्हणाली, “हैबती, घरात म्हातारं माणूस तापाने फणफणलंय, पाळण्यात पोर रडतंय, चुलीवर दूध उतू चाललंय आणि दारात पाहुणा उभा आहे. अशा वेळी बाई काय करते? ती सगळं एकदम करत नाही. ती ठरवते. दूध जरा सांडलं तरी चालेल, पाहुणा घडीभर उभा राहिला तरी चालेल. तिने आधी कुणाकडे धाव घेतली, यावरून त्या घरात कुणाला काय किंमत आहे ते कळतं. आपण कुणाकडे आधी धावणार, तेवढं सांगा. बाकीचं लोक समजून घेतील.”

त्या दिवसापासून वादाला वळण लागलं. महिनाभर बोलून, भांडून, पुन्हा एकत्र बसून शेवटी त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. शब्द तुळाजीने जुळवले. पहिली गोष्ट, ज्याच्या वाट्याला सगळ्यांत कमी आलंय, त्याचं काम सगळ्यांत आधी. दुसरी, जो नियम परक्याला, तोच आपल्या माणसाला. आणि तिसरी, कारभार ही राखण आहे, मालकी नव्हे. वेळ आली की हसत खाली ठेवायचा.

ठरलेल्या दिवशी माळ माणसांनी फुलला. गडाच्या गटाने सांगितलं, आधी तट आणि बुरूज. पेठेच्या गटाने सांगितलं, आधी बाजार आणि रस्ते. मग तुळाजी चौथऱ्यावर चढला. त्याने तीन गोष्टी सांगितल्या आणि पुढे म्हणाला, “आणि हे सगळ्यांसाठी. एकही घर यातून वगळलेलं नाही.”

लोकांना ते पटलं. वेलवाडी सगळीच्या सगळी त्याच्यामागे येऊन उभी राहिली. मधली गावंही आली. धनगर आले, कुंभार आले. फक्त एक वस्ती आली नाही. ती म्हणजे कातळवाडी.

कातळवाडी खोऱ्याच्या अगदी खालच्या टोकाला होती. तिथली माणसं दगड फोडायची. गडाचे तट बांधायला दगड लागत, म्हणून त्यांची चूल गडावर अवलंबून. ती माणसं गडाच्या गटामागे उभी राहिली. एवढंच करून थांबली नाहीत, तर तुळाजी बोलायला लागला तेव्हा त्यांच्यातल्या काही जणांनी ढोल बडवले आणि “कोष्टी, खाली उतर! माग सांभाळ तुझा!” म्हणून हुर्यो केली. तुळाजीला ते लागलं. पण त्या दिवसाच्या आनंदात त्याने ते मनाआड केलं.

तुळाजी कारभारी झाला. सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. विधवांच्या घरी आधी धान्य पोचू लागलं. ज्या वस्तीला वाट नव्हती, तिथे वाट झाली. एकदा हैबतीची गुरं एका कुंभाराच्या शेतात शिरली आणि उभं पीक फस्त करून गेली. तंटा तुळाजीसमोर आला. तुळाजीने मित्राकडे बघितलं आणि नियमाप्रमाणे भरपाई सांगितली. हैबती मोठ्याने हसला आणि म्हणाला, “दिली! आपणच केलेला नियम आहे, जाणार कुठे?” आणि खरोखरच त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बैलगाडीतून धान्य नेऊन कुंभाराच्या दारात उतरवलं. लोक त्या गोष्टीचं कौतुक करताना थकत नसत.

मग एका वर्षी पाऊस आला नाही. दुसऱ्या वर्षीही नुसते ढग आले आणि गेले.

विहिरी आटल्या. ओढ्याची वाळू झाली. उरलं फक्त वरचं तळं, आणि तेही निम्म्याच्या खाली गेलं. तळ्याच्या बांधाला मोरी होती. मोरीची फळी उचलली की पाटाने पाणी खाली यायचं आणि पाळीपाळीने एकेका गावाला मिळायचं. आता पाणी थोडं, गावं फार. आधी कुणाची पाळी, हे कारभाऱ्याने ठरवायचं होतं.

खरं म्हणजे ठरवण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्यांत कमी पाणी कातळवाडीला होतं. वरच्या गावांच्या विहिरींत तळाला का होईना ओल होती. कातळवाडीत विहीरच लागत नव्हती, सगळा काळा दगड. तिथली माणसं खाणीच्या खड्ड्यात साचलेलं हिरवं पाणी फडक्याने गाळून पीत होती. तुळाजीने पाटकऱ्याला बोलावून सांगितलं, “उद्या सकाळी फळी उचल. पहिली पाळी कातळवाडीची. पाणी मध्ये कुणी वळवायचं नाही.”

त्याच संध्याकाळी हैबती आला. त्याच्याबरोबर वेलवाडीची जाणती माणसं होती. हैबती हसत नव्हता.

“तुळाजी, पानमळे जळताहेत,” तो म्हणाला. “वेल एकदा गेला की गेला. पुन्हा लावायचा, वाढवायचा, म्हणजे वर्षं जातात. आम्हाला एक पाळी दे. फक्त पहिली. मग पाणी खाली जाऊ दे.”

“तिकडे माणसं प्यायला पाणी मागताहेत, हैबती.”

“आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. आजवर काढले, तसे आणखी काढतील. दगडाची माणसं आहेत ती.” हैबती जवळ सरकून बसला. त्याचा आवाज खाली आला. “आणि एक सांग. माळावर तुझ्यामागे कोण उभं होतं? वेलवाडी की कातळवाडी? ज्यांनी तुझ्या तोंडावर ढोल बडवले त्यांच्या घागरी आधी भरायच्या, आणि ज्यांनी तुला खांद्यावर घेतलं त्यांचे मळे जळू द्यायचे? मग तुझ्यामागे उभं राहून आम्ही मिळवलं काय?”

ढोलांचा तो आवाज तुळाजीच्या कानात पुन्हा घुमला. ‘माग सांभाळ तुझा!’ इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं काहीतरी वर आलं. त्याला वाटलं, हैबती अगदीच चुकीचं बोलत नाही. आपण दुष्टपणा कुठे करतोय? पाणी नाकारत थोडंच आहोत? फक्त पुढे-मागे. वेलवाडी नाराज झाली तर पुढच्या खेपेला कारभार गडवाल्यांकडे जाईल, आणि ते तर कातळवाडीकडे ढुंकूनही बघणार नाहीत. म्हणजे वेलवाडीला सांभाळणं हे एका अर्थी कातळवाडीच्याच भल्याचं आहे.

अशी सगळी समजूत त्याने स्वतःची घातली. आणि म्हणाला, “एकच पाळी.”

सकाळी पाटाचं पाणी वेलवाडीच्या मळ्यांकडे वळलं. मंजुळाक्काला ते कळलं तेव्हा ती काठी टेकत तुळाजीच्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“खरं का रे, तुळाजी?”

“अक्का, एकाच पाळीचा प्रश्न आहे. आपली माणसं आहेत.”

“आपली म्हणजे कुणाची?” अक्का म्हणाली. “मी हैबतीची नाळ कापली आणि कातळवाडीतल्या पोरांचीही. माझ्या हाताला दोन्हीकडचं रक्त सारखंच लागलं. तू चौथऱ्यावरून काय म्हणाला होतास, आठव जरा. एकही घर वगळलेलं नाही, असं म्हणाला होतास ना?”

“वगळलेलं नाहीच, अक्का. थोडं थांबवलंय.”

“ज्याला थांबायला बळ नाही त्याला थांबवलं, आणि ज्याला बळ आहे त्याला पुढे सोडलं. हेच तर गडावरचे करत होते. मग आपण पारावर इतके दिवस बसलो कशाला?” तिचा आवाज चढला नव्हता. ती थकल्यासारखी दिसत होती. “मी चालले खाली. तिथे दोघीजणी दिवस भरत आलेल्या आहेत.”

“एवढ्या उन्हात? अक्का, बरोबर दोन घागरी तरी ने. गाडी देतो.”

“एका म्हातारीच्या दोन घागरींनी वस्तीची तहान भागणार आहे का?” अक्का म्हणाली आणि वळून चालू लागली. तुळाजी दारात उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. तिच्यामागे धावावं असं त्याच्या मनात आलं. पण आत माणसं वाट बघत बसली होती, आणि तो आत गेला.

वेलवाडीचे मळे भिजले. मग मधलं गाव आलं. ते म्हणाले, “आम्हीही तुमच्यामागेच उभे होतो. आमचा ऊस काय पाप करून आलाय?” वेलवाडीला दिलं आणि त्यांना नाही, असं कसं म्हणणार? त्यांनाही पाळी मिळाली. मग पेठेतले आले. गेल्या खेपेला ते विरोधात होते, पण यावेळी म्हणाले, “पुढच्या वेळी आमची माणसं तुमच्यामागे उभी राहतील.” त्यांच्याही बागेला पाणी गेलं. तुळाजीच्या दारात रोज गर्दी होऊ लागली. रोज तो मोजून-मापून वाटू लागला, कोण आपला, कोण किती आपला, कोण पुढे आपला होईल. गावोगावच्या सणासमारंभात पारावर ठरलेल्या त्या तीन गोष्टी मोठ्याने म्हटल्या जात. तुळाजीही म्हणायचा. पण म्हणताना आता तो समोरच्या माणसांच्या डोळ्यांत बघत नसे.

आणि पाट कातळवाडीच्या अलीकडे कोरडाच राहिला.

एके दिवशी भर दुपारी एक बाई कारभाऱ्याच्या ओसरीसमोर येऊन उभी राहिली. उन्हाने काळी पडलेली, ओठ फुटलेले, पायांना धुळीचा थर. ती कातळवाडीची धुरपदा. ओसरीवर हैबती आणि चार माणसं बसली होती. धुरपदेने कुणाला नमस्कार केला नाही.

“कारभारी कोण?” तिने विचारलं.

“मी,” तुळाजी म्हणाला. “बस, बाई. पाणी घे.”

कुणीतरी तांब्या पुढे केला. तिने तो हातात घेतला, आतल्या पाण्याकडे क्षणभर बघितलं आणि न पिता खाली ठेवला.

“अक्का गेली,” ती म्हणाली.

तुळाजीला आधी कळलंच नाही. “कुठे गेली?”

“वारली. काल सकाळी. खाणीतलं पाणी पिऊन वस्तीत हगवण लागली. माझी जाऊ बाळंत झाली होती, ती गेली. माझा सासरा गेला. अक्का सगळ्यांचं करत होती. आमचंच पाणी पीत होती. आम्ही म्हणालो, अक्का, तू वरची आहेस, कारभाऱ्याला निरोप धाड, तुझ्यापुरती घागर येईल. तर म्हणाली, एकटीची घागर घशाखाली उतरायची नाही मला.”

हैबती म्हणाला, “बाई, वाईट झालं. पण तुमची वस्ती आमच्यामागे कधी उभी राहिली नाही, हेही खरं. तेव्हा गडाकडे गेलात. मग पाण्यासाठी गडाकडेच जायचं होतं.”

धुरपदेने त्याच्याकडे बघितलं नाही. ती तुळाजीकडे बघत होती.

“आम्ही तुमच्यामागे उभे राहिलो नाही,” ती म्हणाली. “गडावरून भाकरी यायची, ती बंद होईल म्हणून आम्ही घाबरलो. आमच्या पोरांनी ढोल बडवले, तेही खरं. पण ढोल वाजत असतानासुद्धा मी कान देऊन ऐकत होते. एकही घर वगळलेलं नाही, असं तुम्ही म्हणालात. मागे उभी राहिले नाही, पण त्या शब्दावर मी विश्वास ठेवला. पाट कोरडा पडला तेव्हा वस्तीतले म्हणाले, चला, वर जाऊन भांडू. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, त्या माणसाने सगळ्यांसमोर शब्द दिलाय, पाणी येईल. मी थांबवलं नसतं तर आम्ही आधीच वर आलो असतो. माझी जाऊ जगली असती.”

ती रडली नाही. तिथे उभं राहायचंही तिला काही कारण उरलं नव्हतं. ती पायऱ्या उतरून निघाली.

लोकांच्या शिव्या तुळाजीने सोसल्या असत्या. पण ज्या बाईने त्याला साथ दिली नव्हती, तिने त्याच्या शब्दावर त्याच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासापायी तिच्या घरातलं माणूस गेलं होतं. हे त्याला सोसवेना. तो उठला. पायात वहाणा न घालता उन्हात निघाला.

“तुळाजी, कुठे?” हैबतीने हाक मारली. तुळाजी थांबला नाही. हैबतीला काय ते उमगलं. तो आणि ती माणसं त्याच्यामागे धावली.

तळ्याच्या बांधावर पोचेपर्यंत वेलवाडीची बरीच माणसं जमली होती. हैबती मोरीच्या पुढे येऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरले.

“आज पुन्हा आमच्या मळ्यांची पाळी आहे. तूच दिलीस.”

“मी दिली,” तुळाजी म्हणाला. “देण्याचा मला हक्क नव्हता. पाणी माझं नव्हतं, आणि दिलेला शब्दही माझ्या एकट्याचा नव्हता. बाजूला हो, हैबती.”

“शहाणा असशील तर ऐक. तळ्यात आता एका पाळीपुरतंच पाणी उरलंय. ते खाली सोडलंस तर मळे गेले. उद्या वेलवाडीतला एक माणूस तुझ्यामागे उभा राहणार नाही. मीसुद्धा नाही.”

तुळाजीने मित्राच्या तोंडाकडे बघितलं. लहानपणी याच बांधावरून दोघांनी तळ्यात उड्या मारल्या होत्या.

“तुझ्या गुरांनी कुंभाराचं शेत खाल्लं होतं तेव्हा तू काय म्हणाला होतास? आपणच केलेला नियम आहे, जाणार कुठे? तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. हैबती, त्या दिवशी तू माझ्यापेक्षा मोठा होतास. आज निदान माझी वाट अडवू नकोस. अक्का गेली रे. आपल्या पाण्याच्या पाळ्यांपायी गेली.”

हैबतीचे पसरलेले हात जरा खाली आले. तो बाजूला झाला नाही, पण तुळाजी त्याच्या शेजारून पुढे गेला तेव्हा त्याने अडवलंही नाही. तुळाजीने फळीला खांदा लावला आणि ती वर ओढली. पाणी खळाळत पाटात शिरलं. मग तो पाटाच्या कडेने पाण्याबरोबर चालू लागला. जिथे जिथे बांध घालून पाणी वळवलेलं होतं, तिथे तिथे तो हाताने माती उपसून वाट मोकळी करत गेला. गावागावांतली माणसं बांधावर येऊन बघत होती. काहींनी शिव्या दिल्या. कुणी मदतीला आलं नाही.

पाणी मळकट फेस घेऊन हळूहळू पुढे सरकत होतं. कोरडी माती ते पीत होती. कित्येकदा वाटलं, हे मध्येच जिरून जाईल. दिवस कलता कलता ते कातळवाडीत पोचलं.

वस्तीतली माणसं बाहेर आली. कुणी जयजयकार केला नाही. कुणी तुळाजीला बस म्हटलं नाही, की शिव्याही घातल्या नाहीत. बायांनी घागरी आणल्या, भरल्या आणि आत नेल्या. एका म्हाताऱ्याने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि तसाच ओल्या तोंडाने मटकन खाली बसला. वस्तीच्या कडेला, गेलेल्यांवर रचलेल्या, नव्या दगडांच्या काही राशी होत्या. त्यातली अक्काची कुठली, ते तुळाजीला कुणाला तरी विचारावं लागलं. तो तिच्यापाशी बसला.

त्या वर्षी वेलवाडीचे मळे गेले. पुढच्या वर्षी पाऊस पडला, पण लोकांच्या मनातलं वाळलेलं काही हिरवं झालं नाही.

राजाने ठरवून दिल्याप्रमाणे पुन्हा माळावर बोलावणं झालं. पारावरच्या गटाचे तोवर दोन तुकडे झाले होते. आधी हैबती चौथऱ्यावर चढला. त्याने त्याच तीन गोष्टी खणखणीत आवाजात सांगितल्या. लोकांनी त्या ऐकून घेतल्या. कुणी ढोल बडवले नाहीत, कुणी हुर्योही केली नाही. पुढची माणसं शांतपणे उठली आणि बाजूला जाऊन बसली. त्यांच्या मागची उठली, मग त्यांच्या मागची. हैबती बोलत होता आणि त्याच्यासमोरचा माळ रिकामा होत होता. शेवटी तो मध्येच थांबला.

मग तुळाजी चढला. त्याने त्या तीन गोष्टी म्हटल्या नाहीत. तो म्हणाला, “मी शब्द दिला आणि तो आधी आपल्या माणसांना वाटून टाकला. त्यात जीव गेले. ते परत आणायचा मार्ग माझ्याकडे नाही. मी कारभार मागायला आलेलो नाही. खाली ठेवायला आलोय.”

गर्दीतून कुणीतरी उभं राहिलं. ती धुरपदा होती.

“तुम्ही पाणी आणलंत,” ती म्हणाली. “उशिरा आणलंत. मी दोन्ही विसरणार नाही.” मग ती वळली आणि चौथऱ्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सगळ्या गटांकडे, गडाच्या, पेठेच्या, नव्या-जुन्या सगळ्यांकडे बघून बोलली. “तुम्ही काय देणार, ते आम्ही ऐकलं. आधी कुणाला देणार, तेही ऐकलं. आता एकच सांगा. ज्याला आधी द्यायचं, तो तुमच्यामागे उभा राहिला नाही, तरी देणार का?”

माळावर असा प्रश्न पूर्वी कुणी विचारला नव्हता. गडाच्या सरदाराने खाकरून बघितलं. पेठेच्या व्यापाऱ्याने शेजाऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी कुणालाच चटकन उत्तर देता आलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत लोक कुणाच्याच मागे जाऊन उभे राहिले नाहीत. गटांची माणसं घरोघर फिरली, पुन्हा बसली, पुन्हा बोलली. कारभार शेवटी ज्यांच्याकडे गेला, त्यांना आधी या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोर द्यावं लागलं, आणि ते पाळलं जातं की नाही, हे बघायला सगळं खोरं डोळे उघडे ठेवून बसलं.

तुळाजी आपल्या मागावर परतला. हैबती पुष्कळ दिवस त्याच्याशी बोलला नाही. पुढे बोलू लागला, पण पूर्वीसारखं हसणं दोघांतून गेलं ते गेलंच. दर वर्षी पाटाला पाणी सुटलं की तुळाजी पाण्याबरोबर चालत कातळवाडीपर्यंत जायचा. बरीच वर्षं तिथे कुणी त्याला ओळख दिली नाही. मग एका वर्षी धुरपदेने दारातून त्याला बघितलं, आत गेली, आणि तांब्या भरून बाहेर आली. तुळाजीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्यानेच प्यायला.

बाळगोपाळांनो, आणि थोरांनो, या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: ज्याने आपल्याला साथ दिली नाही त्याच्याही दारात पोचला, तरच दिलेला शब्द खरा समजावा.